संत्र्याची ढिली साल कोणत्या चौकटीत?

प्रश्न : माझी अकोल्याला दालमिल आहे. तीस वर्षं झाली. आम्ही फक्त तूर करतो, हरभऱ्याला हात लावत नाही, उधारी पंधरा दिवसांच्या वर देत नाही. मुलगा अमरावतीला एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा त्याला 'स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट' नावाचा विषय आहे. दिवाळीत घरी आला आणि जेवताना म्हणाला, "बाबा, आपल्या मिलला स्ट्रॅटेजीच नाही." मी गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. ज्या पोरानं तुरीचं एक पोतं कधी स्वतःच्या पैशानं घेतलं नाही, त्याला कंपन्यांनी काय करावं हे शिकवतात तरी कसं? ही गोष्ट वर्गात बसून येते का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : तुमच्या पंक्तीला मोठी माणसं आहेत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ साली याच शंकेवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की व्यवस्थापन हे कामातून अंगी येणारं कसब आहे. ज्यानं काम केलेलं नाही त्याला ते वर्गात शिकवायला गेलं, तर ज्ञानापेक्षा तोरा जास्त येतो. दिवाळीत तुमच्या ताटासमोर आलेलं वाक्य त्या तोऱ्याचंच. मी स्वतः हा विषय अमरावती आणि अकोल्याच्या वर्गांत पाहुणा शिक्षक म्हणून शिकवला आहे, त्यामुळे त्या वाक्याची थोडी जबाबदारी आमच्याही जातीवर येते, हे आधीच कबूल करतो.

ही अडचण विषयाच्या जन्मापासूनची आहे. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघालं आणि १९१२ मध्ये तिथे 'बिझनेस पॉलिसी' हा विषय सुरू झाला. आजच्या स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटचा हा आजोबा. तो सुरू करण्यात आर्च शॉ नावाच्या शिकागोच्या एका व्यावसायिकाचा हात होता, आणि त्याची रीत मला आजही सगळ्यात आवडते. पहिल्या तासाला एखादा उद्योजक वर्गात येई आणि आपली खरीखुरी अडचण मांडी. दुसऱ्या तासाला विद्यार्थी त्यावर लेखी उपाय आणत. तिसऱ्या तासाला तोच उद्योजक ते उपाय वाचून पोरांशी वाद घाली. पुढे दर वेळी माणूस कुठून आणायचा, म्हणून त्याची अडचण कागदावर उतरली. तिलाच 'केस' म्हणतात. म्हणजे केस हा जिवंत माणसाचा बदली कामगार. हे विसरलं की काय होतं, ते पुढे येईलच.

हा विषय दुसऱ्या वर्षाला का, तेही सांगून टाकतो. १९५९ मध्ये अमेरिकेत फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल या दोघांनी व्यवस्थापन शिक्षणावर अहवाल लिहिला. त्यात म्हटलं होतं की हिशेब, विक्री, माणसं, उत्पादन असे तुकडे शिकून झाल्यावर शेवटी सगळं एकत्र बांधणारा एक विषय हवा. आपल्याकडच्या भाषेत, पोळ्या, वरण, भाजी वेगवेगळी शिकून झाली, आता पन्नास पानांची पंगत काढून दाखवा. १९६१ मध्ये अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या मदतीनं उभं राहिलं आणि केस शिकवण्याची पद्धत भारतात रुजली. तिथून ती पाझरत देशभरच्या विद्यापीठांत गेली. आपलं अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं ते १ मे १९८३ ला. तोपर्यंत पंगतीचा पाहुणाही ठरला होता आणि मेनूही, दोन्ही बाहेरचे.

म्हणून मीही पहिल्या वर्षी तोच मेनू वाढला. साउथवेस्ट या अमेरिकन विमान कंपनीची केस जगभर शिकवतात. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या तीन शहरांत तिची विमानं उडू लागली. एकाच प्रकारचं विमान, थेट या गावाहून त्या गावाला, जेवण नाही, तिकीट स्वस्त. झेरॉक्स वाटल्या. समोर साठ पोरं, त्यातल्या दोघांनी विमान आतून पाहिलेलं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमान सुटायला लागलं ते २०२५ च्या एप्रिलमध्ये, ही त्याच्या खूप आधीची गोष्ट. तासभर मी बोललो. पोरांनी बलस्थानं, उणिवा, संधी, धोके अशा चार चौकटी आखून त्या भरून दिल्या. सगळ्यांच्या चौकटी सारख्या. वर्गात पंखा फिरत होता तेवढीच हालचाल.

मग मागच्या बाकावरून दर्यापूरकडचा एक पोरगा म्हणाला, "सर, हे म्हणजे आपली विनावाहक गाडी ना?"

मला क्षणभर कळलं नाही. त्यानंच समजावलं. विनावाहक एसटीत कंडक्टर नसतो, तिकीट खाली स्टँडवरच फाडतात, गाडी मधे कुठे थांबत नाही. म्हणून ती लवकर पोचते आणि तीच गाडी दिवसात जास्त फेऱ्या मारते. "आता सर, ते मूर्तिजापूरचे दहा पाशिंजर दिसून राहिले म्हणून थांबवली, तर कंडक्टर लागन. कंडक्टर आला की बडनेऱ्याले बी थांबन. मंग ते विनावाहक राह्यली कुठं?"

मायकेल पोर्टर या प्राध्यापकांनी १९९६ च्या एका गाजलेल्या लेखात साउथवेस्टबद्दल जे सांगितलं, ते यापेक्षा वेगळं नाही. कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीनं १९९३ मध्ये साउथवेस्टची नक्कल करून 'कॉन्टिनेंटल लाइट' काढली. पण जुनी सेवाही तशीच ठेवली, म्हणजे थांबायचंही आणि थांबायचं नाहीही. दोन वर्षांत गाशा गुंडाळला. पोरगं मूर्तिजापूरचे दहा प्रवासी सोडायला तयार होतं. कॉन्टिनेंटल एकही सोडायला तयार नव्हती. त्या दिवशीपासून मी वर्गात प्रत्येक उत्तराला एकच उलटा प्रश्न विचारू लागलो : यासाठी काय सोडलंस?

तुमचं पत्र आता पुन्हा वाचा. फक्त तूर. हरभऱ्याला हात नाही. पंधरा दिवसांच्या वर उधारी नाही. तीन ओळींत तुम्ही एक अख्खं धान्य आणि लांब उधारी मागणारी गिऱ्हाइकं सोडल्याचं लिहिलंय. मिलला स्ट्रॅटेजी नाही असं म्हणणाऱ्या पोरानं ती कागदावर शोधली असणार, आणि कागदावर ती नव्हती. मिंट्झबर्ग यांचाच एक सिद्धांत आहे की बऱ्याच धंद्यांची दिशा आधी ठरवून आखलेली नसते; रोजच्या निर्णयांतून ती हळूहळू उमटत जाते आणि मागे वळून पाहिलं की दिसते. शेतातल्या पाऊलवाटेसारखी; कोणी आखत नाही, पण सगळे तिथूनच जातात.

पण एवढ्यावर खूश होऊ नका. पाऊलवाट कधी कधी अशा विहिरीकडे जाते, जी दहा वर्षांपूर्वी आटलेली असते. हरभरा तुम्ही विचार करून सोडला, की वडिलांनी केला नाही म्हणून? ते तुम्हाला तरी नक्की सांगता येईल का? इथे पोराचा उपयोग आहे, फक्त त्याला नीट शिकवलेलं असलं पाहिजे.

नीट म्हणजे कसं, त्यासाठी संत्र्याची गोष्ट सांगतो.

साउथवेस्टनंतर मी परदेशी केसा कमी केल्या आणि वरुड-मोर्शीची संत्री वर्गात आणली. माहिती सगळ्यांच्या घरातली. हंगाम दोन, आंबिया आणि मृग. माल मोठ्या प्रमाणात बांगलादेशला जायचा. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं. २०१९ च्या सुमाराला किलोला वीस रुपये होतं, ते २०२३ पर्यंत अठ्ठ्याऐंशी रुपयांवर गेलं. निर्यात कोसळली, बागांमध्ये भाव पडले, राज्य सरकारला अनुदान जाहीर करावं लागलं. आता बागायतदारांच्या एका मोठ्या गटानं काय करावं?

साठ पोरांपैकी पंचावन्नांनी लिहिलं : ज्यूसचा कारखाना. एकानं तर बाटलीचा रंगही ठरवला होता.

मग आर्च शॉची रीत वापरली. मोर्शीकडचे एक बागायतदार वर्गात आले. धोतर नाही, फेटा नाही, साधी पँट-शर्ट आणि खिशात दोन मोबाइल. त्यांनी सगळे पेपर शांतपणे चाळले आणि म्हणाले, "पोट्टेहो, बराबर हाय. पन कारखाना घेतला तर त्याले आठ महिने पोसन कोन?" फळ येतं दोन हंगामांत, कारखान्याला रोज खायला लागतं. कारखान्याला फळ स्वस्त पाहिजे. बागायतदाराला महाग विकायचंय. म्हणजे आपणच आपल्याशी भांडायचं. शिवाय नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळानं कडवट होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारण. त्यावर उपाय आहेत, पण ते खर्चिक. नोगा हे नाव ठाऊक असेल तुम्हाला. नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघाच्या नावाची ती आद्याक्षरं. घराघरात तो ब्रँड लोकांना टोमॅटो केचपसाठीही तितकाच ओळखीचा आहे. का, हा प्रश्न मी वर्गावर सोडून दिला.

आणि मग त्यांनी खिशातून, अक्षरशः खिशातून, एक संत्रं काढलं आणि अंगठ्यानं एका झटक्यात सोललं. "ही साल. ढिली. म्हनून लोक आपला संत्रा घेतात, लेकरालेबी सोलता येते. अन् ढिली म्हनूनच तो दूर जात नाही, टरकात दबतो. आता सांगा, तुमच्या त्या चार डब्ब्यांत हे कोन्या डब्ब्यात घालता?"

वर्ग गप्प. मीही गप्प. बलस्थान आणि उणीव एकच असेल तर चौकटीचं काय करायचं, हे पुस्तकात नव्हतं. त्या गप्प बसण्यात पोरांना जे शिकायला मिळालं, ते माझ्या दहा तासांत मिळालं नसतं. पुढचे पेपर वेगळे आले. कोणी लिहिलं, जवळच्या बाजारात आधी पोचायचं आणि लांबचा नाद सोडायचा. कोणी लिहिलं, एकाच देशावर इतका माल ठेवणं हीच खरी चूक, शुल्क हे फक्त निमित्त. कोणी बांगलादेशचं शुल्क कमी व्हावं म्हणून कोणी कोणाकडे जायचं यावर दीड पान लिहिलं; त्याला मी सगळ्यात जास्त गुण दिले, कारण धंद्याचं अर्धं धोरण सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर ठरतं, हे त्याला कळलं होतं. बाटलीचा रंग ठरवणारा मात्र ज्यूसवरच ठाम राहिला. त्याला आता पुण्यात चांगली नोकरी आहे, असं ऐकतो.

तुमच्या धंद्याचाही तास आम्ही घेतला आहे. पोर्टर यांनी १९८० च्या पुस्तकात मांडलेली पाच दडपणांची मांडणी सगळ्या कॉलेजांत शिकवतात : तुमच्यासारखेच दुसरे, नव्यानं धंद्यात येणारे, माल देणारे, माल घेणारे, आणि तुमच्याऐवजी चालणारा दुसरा माल. पोरं ती पाठ करतात आणि विसरतात. अकोल्याच्या दालमिलवर ती लावली की मात्र जिवंत होतात. तुमच्यासारखेच दुसरे लातूरला आहेत, कलबुर्गीला आहेत, आणि कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. तुमच्याऐवजी चालणारा माल म्हणजे मसूर, वाटाणा. माल देणारा म्हणजे शेतकरी, पण म्यानमारची लेमन तूर बंदरावर उतरली की त्या शेतकऱ्याचंही आणि तुमचंही गणित बदलतं. नव्यानं येणारा कोण, असं विचारलं तर पोरं कुठल्यातरी मोठ्या समूहाचं नाव घेतात. खरा नवा खेळाडू तुमच्याच गावातून निघाला आहे. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं, म्हणजे आपल्या पंदेकृविनं, गावपातळीवर चालेल अशी मिनी दालमिल तयार केली, आणि ती बचत गटांच्या हातात गेली. आज ती तुमच्या पोत्यांना धक्का लावत नसेल. पण पोरानं तुम्हाला हा प्रश्न विचारला पाहिजे, की शेतकरी स्वतःच आपली तूर भरडू लागला तर आपण कोणासाठी आहोत?

आणि पोर्टर यांच्या पाच दडपणांत एक सहावं तुम्हाला माहीत आहे, ते पुस्तकात कोपऱ्यात ढकललेलं असतं. २ जून २०२३ ला केंद्रानं तूर आणि उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली, तेव्हा तुमच्या गोदामात किती पोती होती, हे तुम्हाला तारखेनिशी आठवत असेल. वऱ्हाडातल्या पोरांना सरकार हा धोरणाचा भाग आहे हे शिकवायला कापसाची एकाधिकार खरेदी पुरते. १९७२ पासून तीस वर्षं राज्य हाच कापसाचा एकमेव खरेदीदार होता, निदान कागदावर. बाहेर भाव चढला की कापूस बऱ्हाणपूर आणि आदिलाबादच्या वाटेला लागे. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडे येई आणि सरकारच्या गळ्यात पडे. कायद्यानं खरेदीदार एकच ठरवता आला, पण पलीकडच्या गावाचा भाव ठरवता आला नाही. धोरण आखणाऱ्यानं समोरचाही धोरण आखतोय हे धरून चालावं लागतं, एवढं यातून कळलं तरी सेमिस्टर वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

आता जे येत नाही तेही सांगतो. जोखमीची भीती वर्गात शिकवता येत नाही. केसमध्ये चुकीचा निर्णय घेतला तर पाच गुण जातात. तुमच्याकडे घेतला तर बँकेचा माणूस येतो. दुसरं, बहुतेक केसा यशाच्या असतात आणि निकाल आधीच माहीत असतो, त्यामुळे पोरांना वाटतं, यश मिळालं म्हणजे निर्णय बरोबर होता. तुमच्या धंद्यात नशिबानं वाचलेल्या हंगामांची यादी तुम्ही कोणाला दाखवता का? तशी कोणतीच कंपनी दाखवत नाही. तिसरी मर्यादा आम्हा शिकवणाऱ्यांची. आमच्यातल्या अनेकांनीही तुरीचं पोतं घेतलेलं नाही.

म्हणून माझी विनंती आहे, पोराच्या कॉलेजात जा. शिक्षकांना सांगा की तीन तास द्या. पहिल्या तासाला आपली खरी अडचण मांडा, नफ्याचे आकडे न सांगता चालेल, पण अडचण खरी असू द्या. मागच्या वर्षी सुटलेली नको. दुसऱ्या तासाला पोरं लिहून आणतील. तिसऱ्या तासाला त्यांचे कागद वाचा आणि भांडा. तुमच्या मुलाचा कागद मात्र शेवटी वाचा. आणि दिवाळीचा विषय तिथे काढू नका.

प्रश्न : आमच्या मॅडम 'धोरण' म्हणतात, मराठी पुस्तक 'व्यूहरचना' म्हणतं आणि पेपरवाले 'रणनीती'. डावपेच हाही शब्द आहेच. परीक्षेत काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : 'स्ट्रॅटेजी'चं मूळ ग्रीक आहे, सेनापतीच्या कामाशी निगडित. त्यामुळे रणनीती आणि व्यूहरचना हे शब्द मुळाच्या जवळ जातात, पण धंद्यात शत्रू नसतो, गिऱ्हाईक असतं, हे त्या शब्दांना कळत नाही. अभिमन्यूचं उदाहरण देऊ नका. तपासणाऱ्यानं ते त्या दिवशी अकरा पेपरांत वाचलेलं असतं. मला धोरण आणि डावपेच ही जोडी सोयीची वाटते, आणि ती समजायला तुम्हाला अमरावतीबाहेर जावं लागत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेला हनुमान आखाडा, आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, तुमच्या गावातच आहे. तिथल्या एखाद्या कुस्तीगिराला विचारा. कोणत्या वजनगटात उतरायचं, त्यासाठी सहा महिने काय खायचं आणि काय सोडायचं, हे धोरण. मातीत उतरल्यावर ढाक टाकायची की धोबीपछाड, तो डाव. डाव सेकंदात बदलता येतो, वजनगट नाही.

उत्तरपत्रिकेत मात्र मॅडम जो शब्द वापरतात तोच लिहा. गुण त्याच देणार आहेत.